गरम पाण्यात पडलेला कोट

मी, कोपऱ्यावरची लॉन्ड्रीवाली, वय एकोणऐंशी. डोळ्यांना चष्मा आणि गुडघ्यांना काठी लागते, डोके मात्र ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने लिहीत नाही. ज्याचा धाक होता तो नवरा बारा वर्षांपूर्वी वारला.

१. लॉन्ड्रीचा गाळा आणि वरच्या दोन खोल्या माझ्या कमाईच्या आहेत, नवऱ्याचा त्यात छदाम नाही. हे सगळे बावीस वर्षे माझ्याबरोबर उभ्या राहिलेल्या इस्त्रीवालीला द्यावे. नातवाला नाही. आजोबांवरून सिनेमा निघाला, त्यातला दादा लोकांना फार आवडला, म्हणून त्याला इथे संग्रहालय काढायचे आहे.

"आजी, लोक तिकीट काढून येतील."

"काय बघायला? त्यांचे डाग?"

"डाग कुठले? अख्ख्या सिनेमात त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर एक ठिपका नाही."

ठिपका नाही, कारण मी धूत होते. थंड पाणी, मीठ आणि तोंड बंद. दिग्दर्शक चहा पिऊन, फोटो काढून गेला. हे त्याने विचारले नाही.

२. सिनेमावाल्यांनी मला भेट दिलेला पांढरा सूट नातवाला द्यावा. तो घालून कोणी कोणाला मारलेले नाही. त्याला हवे तसे आजोबा त्यात नीट बसतील.

३. बँकेतली शिल्लक लेकीला. पोराला तिने आजोबांच्या थोरवीच्या गोष्टी सांगितल्या, याचा मला राग आहे. पण बापाचा मार तिनेही खाल्ला आहे, म्हणून एवढ्यावर सोडते.

४. माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेतला डागाळलेला कोट बेकरीवाल्याच्या मुलीला द्यावा. सिनेमात तिचा बाप पोलिसांचा खबरी दाखवला आहे. तो मरतो तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या. मी तिथे होते. दुसऱ्या दिवशी ती गाळ्यात आली.

"काकू, माझे बाबा खबरी होते का?"

"मला गं कुठलं माहीत," मी म्हणाले. खोटे बोलले.

खरे ते असे. त्या सकाळी बेकरीवर रांग होती. नवरा थेट पुढे घुसला. बेकरीवाला म्हणाला, "भाऊ, रांगेत या." चौघे हसले. एवढेच घडले. त्यानंतर बेकरीवाला कोणाला दिसला नाही. दुपारी मी बाजारातून आले, तर जन्मात रुमाल न धुतलेल्या माझ्या नवऱ्याने कोट स्वतः उकळत्या पाण्यात टाकलेला. रक्त गरम पाण्यात पक्के बसते, हे लॉन्ड्रीतले शेंबडे पोरही सांगेल. बाह्यांच्या शिवणीत पीठ शिजून खळ झाली होती. "जाळून टाक," तो म्हणाला. मी जुनी चादर जाळली आणि एकेचाळीस वर्षे त्या कोटावर झोपले.

पोरी, तुझे बाबा खबरी नव्हते. कोट पोलिसांत ने, नाहीतर वर्तमानपत्रात दे. फक्त धुऊ नकोस.

५. कलम चार लिहून झाल्यावर माझीच मला चीड आली. मी मरेपर्यंत त्या मुलीने का थांबावे? म्हणून या कागदाची नक्कल आजच तिच्याकडे जात आहे. ट्रंकेला कुलूप नाही. तिने उद्या यावे, मी गाळ्यातच असेन.

ठिकाण: लॉन्ड्री, इस्त्रीचे टेबल.
दिनांक: ९ मार्च, मंगळवार.
सही: लॉन्ड्रीवाली

इस्त्रीवालीला मिळकत मिळते, म्हणून तिची साक्ष घेतलेली नाही.

साक्षीदार पहिले: वर उल्लेखलेले डॉक्टर. सही.

साक्षीदार दुसरे: निवृत्त पोस्टमन. त्या सकाळी रांगेत तिसरे होते आणि हसणाऱ्या चौघांपैकी एक. हे त्यांनी स्वतःच लिहायला सांगितले. सही.