कानात सांगितलेलं नाव

मावशी, तुम्हाला मराठीचं अक्षरही येत नव्हतं, तरी मराठीतच लिहितेय. मला इंग्रजीत रडता येत नाही, काय करू! परदेशात आल्यावर इथे एडिसन गावातल्या तुमच्या शिवणाच्या दुकानात मी ब्लाउज शिवायला शिकले. टाका वाकडा गेला की कापड माझ्यासमोर टाकून तुम्ही एवढंच म्हणायचात, "उसव." तुम्ही जर्मनीतल्या रोमा, म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणतात त्या जमातीच्या, नाझींच्या छावणीतून घरातल्या एकट्याच वाचलेल्या, हे मला कुठे ठाऊक होतं?

ती सर्वपित्री अमावास्या. मी दुकानामागच्या पार्किंगमध्ये कावळ्यासाठी पान ठेवतेय आणि तुम्ही दारात उभ्या. "हे कुणासाठी?" मी म्हणाले, "आमच्या गेलेल्यांसाठी. ज्यांच्या मरणाची तिथी माहीत नाही, त्यांच्यासाठीसुद्धा." तुम्ही आत गेलात, आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं आणलंत आणि खिरीशेजारी ठेवलंत. श्राद्धाच्या पानात अंडं! सासूबाई असत्या तर पानासकट मला बाहेर काढलं असतं. मी आपलं भोळेपणानं विचारलं, "नाव काय? आमच्यात नाव घेऊन वाढतात." केवढ्या कडाडलात! "मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. झोपू दे त्याला." मग दुकान बंद करताना जवळ आलात आणि माझ्या कानात ते एकदाच सांगितलंत. तुमचा धाकटा भाऊ, तीन वर्षांचा, आईच्या कडेवरून ओढून नेलेला. "कुणाला तरी ठाऊक असावं," म्हणालात, "पण तू म्हणू नकोस."

माझी लेक आता वेस्ट विंडसरला टीचर आहे. गेल्या रविवारी तिच्या शाळेत, छावण्यांमध्ये मारलेल्यांची नावं वाचायचा कार्यक्रम होता. "आई, रोमा लोकांचं एकही नाव नाहीये आमच्याकडे. प्लीज! यू आर द ओन्ली वन हू नोज." माझ्याकडे असं एक नाव आहे, एवढंच मी तिला कधीतरी सांगितलं होतं. खरंच होतं तिचं. तुम्ही गेलात, तुमच्यामागे कुणी नाही, आणि माझ्यामागे ते पोर जगात होतं हेसुद्धा कुणाला कळणार नाही. जीव नुसता तुटत होता. माइकसमोर उभी राहिले, म्हणाले, "तीन वर्षांचा एक मुलगा," आणि तुमचं कडाडणं आठवलं. नाव न घेताच खाली उतरले. लोकांना वाटलं, बाई नाव विसरली. परतताना लेक गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.

मावशी, रागावू नका. घरी पोचल्यावर ती आत गेली, मी गाडीतच बसून राहिले. काचा वर केल्या आणि त्याला एकदाच हाक मारली. अगदी हळू, झोपलेल्या मुलाला पांघरूण घालताना मारतात तशी. विसरले तर नाही ना, एवढंच बघायचं होतं.