बुरांशाला कोकमाचं आगळ

तीर्थस्वरूप दमयंतीताईस,

मांडवीहून धाकट्या गंगारामचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच वाकलो आहे). तुझे गुडघे कसे आहेत? अल्मोड्याची थंडी आता उतरली असेल. निलेश आणि सूनबाई तुला वेळेवर चहा देत असतील, असं धरून चालतो. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तर विषय बुरांशाचा, तुमच्या पहाडातल्या त्या लाल फुलांच्या झाडाचा. गेल्या उन्हाळ्यात तिकडे आलो तेव्हा "आता चार महिने तरी घरी चल" म्हणून मी तुझ्या मागे लागलो होतो. तू अंगणातलं रोप डब्यात घालून माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "गंग्या, हे फुललं की कळव, बघायला येईन." तू थट्टेत म्हणालीस, मी ते मनावर घेतलं.

निलेशने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: थंडावा, सावली, आंबट माती. सावली सोपी, माडाच्या झावळ्यांचा मांडव घातला. थंडाव्यासाठी माजघरातला टेबलफॅन अंगणात नेला आणि मासळीबाजारातून बर्फ आणून बुंध्याशी ठेवला (बर्फाला बांगड्याचा वास होता, त्यामुळे आळीतली सगळी मांजरं झाडाच्या सेवेला हजर). राहिली आंबट माती. आपल्या घरात आंबट म्हटलं की दुसरं काय? रोज सकाळी वाटीभर कोकमाचं आगळ पाण्यात घालून मुळाशी ओतत होतो. बरणी तळाला गेल्यावर तुझ्या भावजयीच्या, सोनूच्या, लक्षात आलं. "झाडाला सरबत पाजताव, नि पाव्हण्यांना कोरा चाय?" म्हणाली, आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ते दोन दिवस झाडाची निगा उत्तम राखता आली.

तरी पानं पिवळी पडू लागली. शेवटी आंब्याची कलमं बांधणाऱ्या भिकाजीला बोलावलं. त्याने माती चिमटीत घेऊन सरळ जिभेवर ठेवली. "काका, आगळात मीठ असतां ना? तुमी झाड लावलेलां नाय, लोणचां घातलेलां हाय!" मला राग आला, पण चव त्याने घेतली होती. मग आठवडाभर माती धुतली. आता पानगळ पूर्ण थांबली आहे, आणि गेल्या आठवड्यात निलेशच्या मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत तू लाल फूल पाहिलंसच. तेव्हा शब्द पाळ आणि मे महिन्यात ये. आंबे तयार होतील. सोनू तुला नमस्कार सांगते.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
गंगाराम

ता. क. पानगळ थांबली, कारण पानं संपली. बारमाही हिरवं राहणारं झाड आमच्याकडे दहा महिने टिकलं.

ता. क. २. फोटोतलं फूल जास्वंदीचं. सोनूने दोऱ्याने बांधलं. पाप अर्धं तिचं.

ता. क. ३. ताई, ही फुलाची अट आता काढून टाक. यंदा मी सत्तरीला पोचतोय आणि इकडे मला गंग्या म्हणणारं कुणी राहिलेलं नाही. सगळे 'काका' म्हणून वाट सोडतात. तू ये. रोप आणलंस तरी चालेल, आगळाची बरणी सोनूने कुलपात ठेवली आहे.