मागावर दुसरा हात

१२ नोव्हें.
पदरातल्या मोराची चोच आज परत उसवली. उजव्या डोळ्यापुढे नुसतं धुकं. हे म्हणाले, "स्वातीला बसव जवळ, ती धागे मोजंल." दहावीचं वर्ष पोरीचं! बरी अक्कल चालते यांची. मी काही बोलायच्या आत पोरगीच दप्तर ठेवून मागावर येऊन बसली. 

१५ नोव्हें.
स्वाती अजून घरीच. गावातल्या आशाताई गोळ्या वाटत आल्या, तिला बघून माझ्यावरच उखडल्या. डोळ्याचं कळल्यावर मलाच हाताला धरून दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत! आधी उजव्याचं ऑपरेशन नाशिकला, फुकट. पण नंतर महिनाभर मागाला शिवायचं नाही.
पैठणीचा पदर अर्धाच झालेला, व्यापारी डिसेंबरअखेर येणार. हे म्हणतात, "महिनाभर स्वाती विणंल. आभाळ कोसळतंय का?"
मग राहू द्या माझं ऑपरेशन, म्हटलं.

१७ नोव्हें.
पलीकडच्या नसीमभाभी आल्या. त्यांचाही माग. "दुपारून मी बसते ना तुझ्या मागावर. लडकी को स्कूल भेज."
आम्हा विणकरांत अर्ध्या साडीवर दुसरीला बसवत नाहीत. स्वाती माझ्याच हाताखाली शिकलेली, बाकी प्रत्येकीचा धागा बसवायच्या फणीचा ठोका वेगळा, विणीत पट्टा दिसतो, अन् तो काही केल्या जात नाही. हे तापले. "व्यापाऱ्यानं साडी नाय घेतली तर?"
नाय तर नाय, म्हटलं. यांच्यासमोर कधी एवढं बोलले नव्हते. 

२४ नोव्हें., नाशिक
पट्टी काढली. आधी दिसलं ते आशाताईंचं नाक. एवढं मोठं असंल वाटलं नव्हतं! सांगितलं तर त्या हसून हसून बेजार. डॉक्टरीणबाईंच्या पाया पडायला गेले, तर ओरडल्या, "अहो, वाकायचं नाही!" कसे पांग फेडू या बायांचे.

८ डिसें.
भाभी रोज दुपारची नमाज आटोपून येतात, स्वतःचा माग बंद ठेवून. बदल्यात काय, तर चहा. तोही बिनसाखरेचा. स्वाती शाळेतून आली की विज्ञान मोठ्यानं वाचते. मला काडीचं कळत नाही, पण ऐकत बसते.

२६ डिसें.
आज शेवटचे चार धागे भरायला मागावर बसले. मोराच्या डोळ्याचा धागा न् धागा दिसला. अन् पट्टाही दिसला, चांगला वीतभर. भाभींचा ठोका घट्ट, माझा सैल.
भाभींचं तोंड एवढंसं. "दिखता है ना?"
"दिसतंय, हेच किती, भाभी!" गळ्यातच पडले त्यांच्या. दोघी रडलो, मग हसलो.

२७ डिसें.
व्यापारी उद्या येणार. पट्टा लपवायचा नाही, असं मी ठरवलंय.  मघाशी हे मागाशी उभे राहून त्या वीतभर पट्ट्यावरून बोट फिरवत होते. वाटलं, आता भांडणार. तर म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याचं कधी म्हणाली आशाताई?"
स्वाती शाळेत गेलीय.