दोन बोटं कापड

चौथीतून काढून मला मशीनवर बसवलंत, आणि तिथं जे शिकवलंत तेही माझ्या डोक्यात राहिलं नाही. यात थोडी चूक तुमचीही आहे, अण्णा. लेकीला मारायचं सोडून समजावत बसायची खोड होती तुम्हाला.

तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. चामराजपेटेतलं दुकान जागेवर आहे, माझा मुलगा चालवतो, आठ बायका शिवतात. तुमच्यासारखेच आम्हीही दर वर्षी शाळेचे फ्रॉक शिवत आलो. शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापडाची माया ठेवायची, पोरगी वाढली की आईनं उसवून सैल करायचं, हा तुमचा नियम. मी दहा वर्षांची असताना कापड वाचवायला ती माया कापून टाकली होती. तुम्ही रागावला नाहीत. तो फ्रॉक माझ्याच अंगात कोंबलात आणि म्हणालात, "आता दिवसभर यातच जेव, यातच पाणी भर." संध्याकाळपर्यंत बगला सोलल्या होत्या.

यंदा उगादीनंतर एक दलाल आला. अमेरिका चीनवर चिडली आहे म्हणे, चीनच्या रेशमी शर्टांवर दुप्पट जकात बसवणार, म्हणून अमेरिकेचे व्यापारी शर्टांसाठी आता आपल्याकडे वळलेत. दोन राजांचं भांडण आणि लक्ष्मी आमच्या गल्लीत! मुलगा म्हणाला, "आई, शाळेचं सोडायला नको, स्वल्प थांबून बघू." मी ऐकते कुठली. शाळेचा शिपाई कापडाचे गठ्ठे घेऊन आला तर त्याला दारातूनच परत पाठवलं, वर ऐकवलं, "तुमचं जाडंभरडं आता शिवायला वेळ नाही."

साहेबांच्या शर्टाला शिवण बारीक लागते, आत कापड दिसलेलं चालत नाही. बायकांच्या हातांना माया सोडायची सवय. मीच ओरडून ओरडून ती मोडली. एक खेप गेली. दुसरीचं रेशीम यायचं होतं, तेवढ्यात त्या दोघांनी हात मिळवले. जकात बसलीच नाही. दलाल म्हणाला, "अज्जी, माल परत चीनला गेला, मी काय करू?" काय करणार, आला तसा गेला.

मग मी शाळेत गेले. मोठ्या बाईंसमोर हात जोडून उभी राहिले, अण्णा, मी! त्यांनी दुसऱ्याला काम दिलं होतं, तरी उरलेले वीस फ्रॉक दिले. बायकांनी दोन दिवसांत शिवून दिले, आणि मीही न बघता पोचवले. आत माया नाही. एकातही नाही. हातांना नवी सवय लागली होती. बाईंनी फ्रॉक उलटा करून माझ्यापुढे धरला. "अज्जी, तुमचे अमेरिकेचे साहेब वाढत नसतील. आमच्या मुली वाढतात." वीसही परत आले. वर सांगून पाठवलं, पुढच्या वर्षीही येऊ नका.

आता आठ मशीन बंद आहेत. बायका तरी सकाळी येतात, आपापल्या मशीनपुढे बसतात, तेल घालतात, पुसतात. त्यातली थोरली, जिला तुम्ही काज करायला शिकवलंत, ती रोज विचारते, "अज्जी, कापड कधी येणार?" मी म्हणते, येईल. "सरी," बरं, म्हणून ती पुन्हा पुसायला लागते. शनिवारी तिनं स्वतःची कात्री घरी नेली. ती परत आणेल असं वाटत नाही मला. माझ्या छातीत तोच फ्रॉक काचतोय, आणि उसवायला आत काही ठेवलेलं नाही.

तुम्हाला हे वाचता येणार नाही, आणि घरात कुणी वाचलेलं मला चालणार नाही, म्हणून मशीनच्या खणात दोऱ्यांखाली ठेवते. एक राहिलं. दुकान मुलगा चालवतो, म्हणून शाळेचं काम त्यानंच सोडलं असं बायकांना वाटतं. त्या त्याच्याशी नीट बोलत नाहीत. तो खाली मान घालून ऐकून घेतो, आणि महिनाभर मी ते चालू दिलंय.

उद्या दुकान मी उघडणार. थोरलीनं विचारलं तर त्यानं तोंड उघडायचं नाही, तुमचंही नाव कुणी घ्यायचं नाही. काम मी सोडलं, उत्तर मी द्यायचं.