क्रियापदांवाचूनचं स्पॅनिश

अहो,

तुम्ही जाऊन पुरता हिवाळाही सरला नाही, आणि आज अमोल ब्रॅम्पटनहून आला तो हे हॅमिल्टनचं घर विकायचं ठरवूनच. तुमच्या लेकाशी भांडले. तुमच्याशीही थोडं भांडायचं राहिलंय, म्हणून लिहायला बसले.

"आई, आमचं बेसमेंट रेडी आहे, सेपरेट वॉशरूम आहे. विंटरमध्ये एकटी स्नो शोव्हल करणार का तू?"

मी म्हटलं, माझा बुधवारचा स्पॅनिश बोलायचा ग्रुप इथे आहे.

"कम ऑन, आई. तू नुसती आय, क्लारो, बुएनो करतेस. बाबाच म्हणायचे."

म्हणायचातच की! रिटायर झाल्यावर लायब्ररीतल्या त्या ग्रुपमध्ये मला ओढून कोणी नेलं? तुम्ही इंजिनियर, क्रियापदांचे तक्ते पाठ करून यायचात. मनात वाक्य जुळवत बसायचात, तोवर समोरची बाई पुढच्या विषयावर पोचलेली असायची. मी तिचा चेहरा बघायचे. लेकीचा फोन नाही म्हणाली, की "आय", आपलं "अगं बाई" तसं. सुनेला कोण सांगणार म्हणाली, की "क्लारो", म्हणजे आपलं "तर काय". सगळ्या माझ्याच शेजारी बसायच्या, हे तुम्हाला दिसत नव्हतं का?

गाडीत म्हणायचात, "सुमन, ही भाषा नव्हे, हे हुंकार." आणि मी जन्मभर तुम्हाला 'अहो' म्हटलं, ते काय होतं?

तुम्ही गेलात तेव्हा मराठी मंडळातले लोक आले. आत्मा अमर आहे वगैरे नीट बोलले. मला रडू आलं नाही. मग ग्रुपमधली कोलंबियाची लुसीया आली, हात धरून "आय, सुमन, आय" एवढंच म्हणाली. तेव्हा कुठे मी रडले.

अमोलला मी म्हटलं, "के बा." त्याला कळेना. मग मराठीत सांगितलं, छे, मी येणार नाही. फुगून गेलाय. येईल ताळ्यावर, तुमचाच मुलगा.

भीती वाटते हो. संध्याकाळी फार वाटते. तरी शब्द देते, घर विकणार नाही आणि बुधवार चुकवणार नाही. तुमच्याबद्दल विचारतील, तेव्हा वाक्य जुळवत बसणार नाही. तोंडून जे निघेल ते निघू देईन. त्यांना कळेल. तुम्हालाही कळलं असतं, कबूल केलं नसतंत एवढंच.

तुमची, आणि अजूनही तुमचं न ऐकणारी,
सुमन