साडूच्या छातीतलं मशीन

१९ मे
साडूच्या छातीत मशीन बसलं, ठोके बिघडले तर सावरणारं. शीला सकाळपासून बहिणीशी फोनवर. "विलासरावांना आता टेन्शन नाही." टेन्शन मला. दोघांचं हृदय अशक्त, डॉक्टर एक, गोळ्या त्याच. मशीन मात्र त्याला. फ्लॅटही खारघरला त्यालाच, आम्ही तळोज्यात.

२२ मे
डॉ. म्हणाले, "मशीन सगळ्यांना देत नाही. एमआरआयमध्ये हृदयाच्या स्नायूवर डाग दिसले, तर ठोके अचानक बिघडायची भीती जास्त. विलासरावांना दिसले." म्हणजे डागवाल्याची चंगळ! मलाही एमआरआय लिहून दिला. बघू.

२६ मे
बोगद्यात आडवा. कानात पोरीचा आवाज, "श्वास सोडा. थांबा. घ्या." विलासने म्हणे एकदाही चुकवलं नाही. ती 'घ्या' म्हणाली तरी मी घेतला नाही. दाखवलंच. पुढच्या श्वासाला धाप लागली, मग प्रत्येक वेळी. "काका, शर्यत आहे का?"

२८ मे
फोटो हललेत. डागांचं काही कळत नाही. पुन्हा काढायचा. चूक माझी, राग विलासवर.

३१ मे
जासईला धोंड्याचं जेवण. सासूबाई : "विलासराव, तुमी खाली नका बसू. मशीन हाय. खुर्ची आना रे!" मी पाटावर. अनारसे आधी त्याला. पहिल्या धोंड्यालाही जाड अंगठी त्याला, बारीक मला. जळून खाक झालो.
हात धुताना विलास हळूच म्हणाला, "परवा मशीनचा झटका बसला रे. म्हशीने लाथ घातल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, नसतं तर गेलो असतो. तेव्हापासून बाथरूमची कडी लावत नाही."
मी टॉवेल पुढे केला. तरी येताना रिक्षात तेच डोक्यात, याला वाचवायला मशीन आहे. मला कोण?

२ जून
पुन्हा एमआरआय. डाग निघाले तर मशीन, नाहीतर गोळ्याच. सकाळी देवापुढे उभा राहिलो, काय मागायचं तेच सुचेना.
विलास आलाय, न बोलावता. "श्वास नीट धर."
"तुझ्यापेक्षा जास्त नाही धरत."
हसला नाही. आत धातू चालत नाही, माझी अंगठी त्याने सांभाळायला घेतली, हरवू नये म्हणून बोटात घातली. त्याची जाड अंगठी हल्ली दिसत नाही. माझी बारीकसुद्धा त्याला सैल होतेय.
नंबर पुकारला.