कोणाचा कोड किती चालतो

सोमवार, ६
ऑफिसात बोलण्याच्या लायकीचं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला घेतोय.
साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, टेस्ट घेताना प्रॉडक्टमधलं कुठलं फंक्शन चालतं आणि कुठलं नुसतं पडून असतं, ते दाखवणारं कव्हरेज टूल हवंय. पडून असलेलं काढून टाकायचं. टूल झालं की टीम लीड ठरवू, हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे घड्याळ आहे, पण ते बंद आहे. तेव्हा माझ्याकडेच.

मंगळवार, ७
बायकोला झेपेल असं समजावलं. आपण लिहिलेल्या कोडचा कम्पायलर प्रोग्राम बनवतो, म्हणजे बिल्ड करतो, तो नुसता आकड्यांचा ढीग. त्यातून प्रत्येक फंक्शनचं नाव, म्हणजे सिम्बॉल, उकरून काढायचं. मग हजेरी घ्यायची, कोण कामाला आलं आणि कोण नाही. ती म्हणाली, एवढंच? असो. मी लीड होणार हे तिने तिच्या आईला फोनवर सांगूनही टाकलं. आता माघार नाही.

गुरुवार, ९. सकाळी ११
आमच्या टीममधली टेस्टिंगवाली म्हणाली, सिम्बॉल काढायचं टूल कम्पायलरसोबत फुकट येतं, तेच वापर. हिला सगळं आयतं लागतं. मी स्वतःचं लिहिणार. चार दिवस पुरे.

बुधवार, २२
टूल तयार. मधले दिवस विचारात गेले.
अख्ख्या प्रॉडक्टमधून नावं निघाली सात. कम्पायलर भिकार आहे.

गुरुवार, २३
कम्पायलर ठीक आहे. फाइल लहान व्हावी म्हणून बिल्डच्या शेवटी सगळी नावं पुसणारी एक ओळ कोणीतरी घालून ठेवलीय. कुठल्या गाढवाने, म्हणून कोडमधल्या बदलांची हिस्टरी काढली. मी. तेव्हा ती योग्यच होती.
टीमला सांगितलं, जुन्या लोकांनी घाण करून ठेवलीय. टेस्टिंगवाली हसली. तिला हसायला कारण लागत नाही.

सोमवार, २७
ओळ काढली. आता हजारो नावं येतात, पण कम्पायलर प्रत्येक नावाला पुढे-मागे शेपट्या जोडतो. माझं टूल शेपटीबरोबर अर्धं नावही कापतं. साहेब म्हणाले, शुक्रवारी डेमो.
उद्यापासून पहाटे उठून काम.

मंगळवार, २८
नऊला उठलो. उशी बदलायला हवी.

गुरुवार, ३०
शेवटी त्या फुकटच्या टूलची थोडी मदत घेतली. म्हणजे नावं सगळी त्याची, हिरवा-लाल रंग माझा. चाललं ते हिरवं, पडून आहे ते लाल. लोकांना शेवटी रंगच दिसतात.
उद्या एकेकाचं पितळ उघडं पडणार. वर्षानुवर्षं खुर्च्या उबवतायत नुसत्या. स्वतःचा कोड लाल दिसल्यावर काय तोंडं होतात ते बघायचंय. शर्टाला इस्त्री केली.

शुक्रवार, ३१
डेमो उत्तम झाला. रंग सगळ्यांना आवडले. जवळपास सगळं हिरवं. लाल मोठा चौकोन एकच. साहेबांनी विचारलं, हे कोणाचं?
रिपोर्टचं मॉड्यूल. माझं.
मी म्हणालो, टूलमध्ये बग असणार. टेस्टिंगवाली म्हणाली, बग नाही, त्या रिपोर्टचं बटण पाच वर्षांपूर्वीच स्क्रीनवरून काढलंय, सगळ्यांना मेल आली होती. मी त्यानंतरही दर महिन्याला त्यात सुधारणा करत होतो. गेल्या महिन्यात तर वेगही दुप्पट केला.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं.

सोमवार, ३
टीम लीड टेस्टिंगवाली झाली. साहेबांना माणसांची पारख नाही.
सासूबाईंचा अभिनंदनाचा फोन येत होता, उचलला नाही.
नव्या लीडने पहिलं काम मला दिलं, लाल भाग तूच काढून टाक, तुला त्यातलं सगळं माहीत आहे. मी बजावलं, एवढं मोठं मॉड्यूल उपटलं तर प्रॉडक्ट कोसळेल, मग माझ्याकडे येऊ नका. ती म्हणाली, बघू.
दुपारी मॉड्यूल डिलीट केलं. बिल्ड केला. सगळ्या टेस्ट चालवल्या. पास.
एखादी तरी फुटेल म्हणून पुन्हा चालवल्या. पुन्हा पास.